केरीच्या टेकडीवरून उडताना

गोव्यातल्या हरमल-केरीच्या टेकडीवर टँडम पॅराग्लायडिंग (म्हणजे पायलटसोबत एकाच ग्लायडरवर दोघांनी उडणं) करायचं असेल तर दुपारनंतर जा. उन्हानं जमीन तापली की समुद्रावरचा वारा आत येतो, कड्याला आदळून वर चढतो आणि त्यावरच ग्लायडर तरंगतो. लाटांची टोकं सगळीकडे पांढरी फुटू लागली की वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेलाय असं समजा. अशा वेळी पायलट ‘आज नको’ म्हणाला तर कृपा करून हुज्जत घालू नका.

हार्नेस (ग्लायडरला जोडायचा, अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज) चढवल्यावर मांड्यांचे दोन्ही पट्टे स्वतः ओढून बघा. बकल ‘खट्’ वाजलं पाहिजे. छातीचा पट्टा डोळ्यांसमोर असतो, विसर पडतो तो मांड्यांच्या पट्ट्यांचा. आणि ते सुटे राहिले तर माणूस हार्नेसमधून खाली निसटू शकतो.

चपला नकोत, बूटच घाला, जांभ्या दगडावर पाय सटकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: धावायला सांगितलं की पाय अधांतरी झाले तरी धावत राहा. जमीन सुटतेय असं वाटताच मटकन बसलात, तर वेग तुटतो आणि दोघंही उतारावर आपटता. पायलट ‘बसा’ म्हणेल तेव्हाच मागे सरका.