हरिकेन, स्पिटफायर, वेलिंग्टन: विमान किती लवकर पेटेल, हे आराखड्यावरून कसं ओळखायचं

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांचा विषय निघाला की कापडी म्हणजे धोक्याचं आणि पत्र्याचं म्हणजे सुरक्षित, असं सर्रास धरून चालतात. तिथून सुरुवात केली की पुढचा सगळा अंदाज चुकतो. आधी पेटायचं ते पेट्रोल. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: टाकी कुठे आहे, टाकीला कवच काय आहे, टाकी आणि वैमानिक यांच्यामध्ये काय आहे. सांगाडा आणि आवरण त्यानंतर.

तयारी

दोन कागद लागतात, आणि नोंदी लिहायला प्रत्येक विमानाचं एक कार्ड. एक, विमानाचं छेदचित्र, ज्यात आतल्या टाक्या दिसतात. दुसरं, ब्रिटिश हवाई मंत्रालयाची वैमानिकांसाठीची पुस्तिका: हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांची ए.पी. १५६४ आणि ए.पी. १५६५, लँकेस्टर या बाँबफेकी विमानाची ए.पी. २०६२ (ए.पी. म्हणजे ‘एअर पब्लिकेशन’, पुढे पुस्तिकेचा क्रमांक). मार्क, म्हणजे विमानाच्या आवृत्तीचा क्रमांक, नीट जुळवून घ्या. मार्क बदलला की टाक्याही बदलतात. आकडे गॅलनमध्ये असतात आणि ते ब्रिटिश गॅलन, म्हणजे ४.५४६ लिटर. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. इथे गफलत झाली तर लँकेस्टरच्या २,१५४ गॅलनमागे दीड हजार लिटरहून जास्त फरक पडतो.

पहिली पायरी: टाक्या रंगवा

छेदचित्रावर प्रत्येक टाकी लाल करा, वैमानिकाची जागा निळी करा. सुरुवातीच्या मार्कच्या स्पिटफायरमध्ये दोन टाक्या दिसतील, दोन्ही कॉकपिटच्या पुढे, एकावर एक: वरची ४८ गॅलन, खालची ३७. म्हणजे सुमारे ३८६ लिटर पेट्रोल वैमानिकाच्या गुडघ्यांसमोर. हरिकेनच्या पंखांच्या मुळाशी प्रत्येकी सुमारे ३३ गॅलनच्या दोन टाक्या, आणि इंजिन व कॉकपिट यांच्यामध्ये २८ गॅलनची राखीव टाकी. लँकेस्टरच्या सहाही टाक्या पंखांत: प्रत्येक बाजूला ५८०, ३८३ आणि ११४ गॅलन.

टाकी किती भरलेली होती, हेही नोंदवा. अर्धी रिकामी टाकी कमी धोक्याची वाटते, पण प्रत्यक्षात उलट असतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या भागात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळते आणि ठिणगीची वाट बघत राहते. लँकेस्टरच्या टाक्यांमध्ये नायट्रोजन सोडण्याची सोय होती ती यासाठीच.

दुसरी पायरी: कवच आणि तारीख

स्वतःहून भोक बुजवणाऱ्या टाकीला रबराचे थर असतात. आतला थर कच्च्या रबराचा. गोळी आरपार गेली की पेट्रोल त्या रबराला लागतं, रबर फुगतं आणि भोक मिटतं. रायफलच्या आकाराच्या गोळीला हा उपाय पुरतो. २० मिलिमीटरचा तोफगोळा टाकी फाडतोच, आणि एवढी मोठी फट रबराने भरत नाही. म्हणून कार्डावर नुसतं ‘कवच आहे’ असं लिहू नका, ‘कशापुरतं आहे’ ते लिहा.

तारीख पाहिल्याशिवाय ही नोंद करू नका. १८ डिसेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या हेलिगोलँड उपसागरावर गेलेल्या २२ वेलिंग्टन बाँबफेकी विमानांपैकी १२ शत्रूने पाडली. त्यांच्या टाक्यांना हे कवच नव्हतं आणि कितीतरी विमानं पेटून पडली. नंतरच्या वेलिंग्टनमध्ये कवच आलं. आकृती तीच, नाव तेच, पण आगीच्या हिशेबात दोन वेगळी विमानं.

हरिकेनबाबत हीच नोंद टाकीगणिक करावी लागते. पंखांतल्या टाक्यांना रबराचं कवच आधी मिळालं. वैमानिकासमोरची राखीव टाकी तशीच उघडी राहिली. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत भाजलेल्या वैमानिकांची संख्या पाहून फायटर कमांडचे (ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे) प्रमुख डाउडिंग यांनी तिलाही कवच घालायचा हुकूम दिला. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउथॅम्प्टनजवळ फ्लाइट लेफ्टनंट जेम्स निकल्सन यांच्या हरिकेनची हीच टाकी पेटली होती.

तिसरी पायरी: ज्वाळेची वाट शोधा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. लाल टाकीपासून निळ्या जागेपर्यंत बोट फिरवा आणि मध्ये बंद भिंत लागते का ते बघा. हरिकेनचा सांगाडा पोलादी आणि ड्युरॅल्युमिनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) नळ्यांचा, म्हणजे आतून मोकळा. पंखाच्या मुळातली टाकी पेटली की ज्वाळा आडवी आत शिरायला वाव असतो. त्यात वैमानिकाने उडी मारण्यासाठी काचेचं झाकण मागे सरकवलं की आतला दाब कमी होतो आणि आग कॉकपिटकडेच ओढली जाते. बाहेर पडायचा मार्ग उघडल्यानेच आग आत येते. काही सेकंदांत चेहरा आणि हात जातात. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, त्यातल्या अनेकांच्या जखमा नेमक्या याच होत्या. हातमोजे आणि गॉगल चढवलेले होते की नव्हते, यावर उरलेलं आयुष्य ठरत होतं.

बाँबफेकी विमानात ज्वाळेच्या वाटेबरोबर माणसाची वाटही मोजा. लँकेस्टरच्या नाकातलं निसटायचं दार २२ इंच रुंद होतं, हॅलिफॅक्स या दुसऱ्या बाँबफेकी विमानाचं २४ इंच. पॅराशूट अंगावर असताना ते दोन इंच फार मोठे होते.

चौथी पायरी: सांगाडा आणि आवरण

कापडी आवरण आयरिश लिननचं असे आणि त्यावर डोप नावाच्या रोगणाचे हात देत. डोपने कापड ताणलं जातं आणि पाणी आत शिरत नाही. सेल्युलोज नायट्रेटचा डोप झपाट्याने पेटतो, हे खरं. पण हरिकेनचं कापड कॉकपिटच्या मागे, शेपटीकडे आहे आणि उडताना वारा ज्वाळा मागेच नेतो. उलट गोळी कापडातून आरपार निघून जाते आणि ठिगळ लावून विमान पुन्हा उडतं. वेलिंग्टनमध्ये अभियंते बार्न्स वॉलिस यांची ड्युरॅल्युमिनची जाळी आणि वर कापड: जाळीच्या काही पट्ट्या तुटल्या तरी भार बाकीच्या उचलतात. मात्र आग लागली की कापड सरसर जळतं आणि नुसती जाळी उरते.

मॉस्किटो या लाकडी विमानाच्या धडाला बर्च प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड आणि वर डोप दिलेलं सुती कापड. लाकूड पेटतं, पण वरचा थर कोळसा होतो आणि आत उष्णता हळू जाते. अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू २०० अंश सेल्सियसच्या पुढे ताकद गमावू लागतात, वितळणं तर पुढची गोष्ट. त्यामुळे पेट्रोलच्या आगीत पत्र्याचा पंखही फार टिकत नाही. १९४४ मध्ये भारतात काही मॉस्किटोंचे सांधे सुटून अपघात झाले, ती गोंदकामाची अडचण होती. तिची नोंद आगीच्या रकान्यात करू नका.

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग, उदाहरणार्थ चाकं, वेगळे टिपा. एकदा पेटले की पाण्याने आग भडकते.

पाचवी पायरी: विझवायची सोय

लँकेस्टरच्या प्रत्येक इंजिनावर ग्रॅव्हिनर कंपनीचं, मिथिल ब्रोमाइड या वायूने आग विझवणारं यंत्र होतं. क्रम महत्त्वाचा: इंजिनाचं पेट्रोल तोडायचं, पंखा (प्रोपेलर) फेदर करायचा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या दिशेत वळवायची, आणि मगच बटण दाबायचं. पेट्रोल चालू असताना बटण दाबलं तर वायू उडून जातो आणि आग परत धरते. मिथिल ब्रोमाइड विषारी आहे. हातात धरायच्या नळकांड्यात तेच असेल तर बंद जागेतला धोका कार्डावर लिहा. आणि हे यंत्र इंजिनापुरतं आहे. पंखातल्या टाकीच्या आगीवर त्याचा उपयोग नाही.

प्रत्यक्ष पाहताना

वेलिंग्टनची उघडी जाळी इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या संग्रहालयात बघा. तिथलं एन २९८० हे विमान हेलिगोलँडच्या त्या मोहिमेतून परतलेलं, पुढे स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवराच्या तळाशी गेलेलं आणि १९८५ मध्ये वर काढलेलं आहे. लाकडी मॉस्किटोचा पहिला नमुना इंग्लंडमध्येच लंडन कॉल्नी या गावातल्या संग्रहालयात आहे. भारतातल्या वाचकांना एवढं लांब जायची गरज नाही: दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही आहेत. हरिकेनच्या पंखाच्या मुळाशी उभे राहा, टाकीची जागा आणि कॉकपिटची कड यांच्यातलं अंतर नजरेने मोजा, मग स्पिटफायरच्या नाकाजवळ जाऊन तेच करा आणि दोन्ही आकडे कार्डावर शेजारी शेजारी लिहा.