सुरुवात जुळली, शेवट सरकला

घरच्या व्हिडिओला वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज मी पहिल्यांदा जोडला, तेव्हा कॅमेऱ्याचा खरखरीत ट्रॅक आधीच उडवून टाकला होता. मग बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत दोन तास आवाज मागे-पुढे सरकवत बसलो. जुळवणीला आधार असतो तो त्याच खराब ट्रॅकचा. तो शेवटपर्यंत राहू द्या, काम झालं की म्यूट करा.

दोन्ही यंत्रं सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. दोन्ही वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखांवर, तिचा टोकदार सुळका दिसतो, ते एकाखाली एक आणायचे. टाळी विसरलात तर दार आपटल्याचा किंवा कप ठेवल्याचा आवाज शोधा. नंतर दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. शब्द दोनदा ऐकू येत असेल तर अजून अंतर आहे. आवाज पिंपातून आल्यासारखा पोकळ झाला की जवळजवळ बसलंच. दा विंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्हसारखी व्हिडिओ संपादनाची सॉफ्टवेअर हे काम वेव्हफॉर्म ताडून आपोआप करतात, पण निदान एकदा हातानं करून बघा.

एवढं करून मी निर्धास्त झालो आणि फसलो. ५२ मिनिटांच्या गप्पांच्या चित्रणात सुरुवात चपखल बसली होती, शेवटी मात्र आवाज पाच फ्रेम, म्हणजे चित्रणातली पाच सुटी चित्रं, मागे! कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची आतली घड्याळं तंतोतंत एका वेगानं चालत नाहीत. म्हणून टोकाकडचं एखादं वाक्य तपासल्याशिवाय उठू नका. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर ट्रॅक नुसता सरकवायचा. वाढत गेला असेल तर लांबीचा घोळ आहे, सरकवून काही होणार नाही.

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच फ्रेम म्हणजे २०० मिलिसेकंद. ५२ मिनिटांत हा फरक ०.००६४ टक्के. आवाजाचा वेग तेवढाच बदलायचा, तर माझ्या सॉफ्टवेअरमधला वेगाचा रकाना दोनच दशांश स्थळं घेत होता. शेवटी दर दहाएक मिनिटांनी बोलण्यातली शांत जागा शोधून तिथून आवाजाची एकेक फ्रेम कापली. कुणाला पत्ता लागला नाही. आवाज उलट पुढे पळत असेल तर तिथेच फट पाडून त्याच खोलीची शांतता भरावी.

मोबाइलच्या चित्रणात फरक सेकंदांत गेला, तर बहुधा फ्रेमचा वेग कमी-जास्त होतोय. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्या.

आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्यात आवाज मुळातच उशिरा पोचतो. मी एकदा त्याच भरवशावर अख्खा ट्रॅक चार फ्रेम अलीकडे ओढला. वायरचे हेडफोन लावले तर ओठ हलायच्या आधी शब्द! आवाज थोडा मागे असला तर माणूस चालवून घेतो, पण पुढे गेलेला लगेच खटकतो. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही लक्षात येण्याची मर्यादा पुढे ४५ आणि मागे १२५ मिलिसेकंद अशीच विषम आहे. त्या चार फ्रेम मी परत जागेवर नेल्या, पण तोवर फाइल सगळ्यांना पाठवून झाली होती.