हिरडीच्या खाचेतला द्रव: दाताभोवतीच्या हाडाची झीज तपासण्यासाठी नमुना कसा घ्यावा

नमुना प्रोबिंगच्या (खाचेची खोली बारीक सळईने, म्हणजे प्रोबने मोजण्याच्या) आधीच घ्या. प्रोबने रक्त आलं की रक्तातली प्रथिनं मिसळून आकडा बिघडतो. कापसाचे रोल लावा, हिरडीच्या कडेच्या वर दातावर जमलेला प्लाक (जंतूंचा थर) अलगद काढा, हवेने हलकं वाळवा. कागदी पट्टी खाचेत किंचित अडथळा जाणवेपर्यंतच सरकवून 30 सेकंद ठेवा. लाल डाग दिसला तर ती टाकून द्या, मोह नको. द्रवाचं आकारमान तत्काळ मोजा. नागपूरच्या मे महिन्यात एवढासा थेंब बघता बघता उडतो. लगेच पट्टी नळीत, नळी बर्फात, मग उणे 80 अंशांवर.

या द्रवात हाडाच्या झिजेच्या खुणा मोजतात. आयसीटीपी हा हाडातलं कोलाजेन हे प्रथिन तुटून सुटलेला तुकडा. आरएएनकेएल (हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना देणारं प्रथिन) एकटं मोजू नका, ओपीजीशी (त्याला अडवणाऱ्या प्रथिनाशी) त्याचं गुणोत्तर पाहा. हे मोजायचं कारण, एक्स-रे आधीच झालेली झीज दाखवतो, चालू झीज नाही.