ब्लाइंडच्या दोऱ्या आणि लहान मुलं: या चुका टाळा

खिडकीच्या ब्लाइंडची, म्हणजे दोरीने वर-खाली होणाऱ्या पडद्याची, दोरी गळ्याभोवती अडकली तर मूल एका मिनिटाच्या आत गुदमरू शकतं. श्वासनलिका दाबली गेली की रडताही येत नाही, म्हणून "शेजारच्या खोलीतच आहे, ओरडलं तर ऐकू येईल" हा भरवसा इथे चालत नाही. रांगत्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना धोका सर्वांत जास्त असतो. शरीराच्या मानाने डोकं जड, मान कमजोर आणि फास सोडवायची समज अजून आलेली नाही. बहुतेक आईबाप काहीतरी उपाय करतात, पण त्यातल्या काही उपायांनी धोका तसाच राहतो, क्वचित वाढतोही.

दोऱ्या एकत्र बांधून ठेवणं

दोन सुट्या दोऱ्यांना गाठ मारली की आधी नव्हता तो फास तयार होतो. दोरी गुंडाळायचीच असेल तर भिंतीवर पक्का हूक ठोका, जमिनीपासून किमान 1.5 मीटर उंचीवर (युरोपीय मानकातही हीच उंची दिली आहे), आणि दोरी प्रत्येक वेळी पूर्ण गुंडाळा. अडचण अशी की रोज सोडायची आणि गुंडाळायची गोष्ट एखाद्या दिवशी राहतेच. म्हणून मी याला तात्पुरता उपाय मानते.

खिडकीखाली पाळणा किंवा सोफा

मूल सोफ्यावर चढलं की त्या 1.5 मीटरला अर्थ उरत नाही. पाळणा, पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी, चढता येईल असं काहीही खिडकीजवळ नको. हे आजच करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

साखळीचा ताण न तपासणं

रोलर ब्लाइंडची मण्यांची साखळी म्हणजे मुळातच बंद वेढा. तिच्या खालच्या टोकाला ताण देणारी छोटी डबी असते. ती स्क्रूने भिंतीत किंवा चौकटीत बसवायची असते, पण पुष्कळ घरांत ती नुसती लोंबकळत असते. तशी डबी म्हणजे फासाला लावलेलं वजन, दुसरं काही नाही. साखळी बाजूला ओढून बघा. सैल होऊन वेढा उघडत असेल तर डबी आणखी खाली सरकवून घट्ट बसवा. काही साखळ्यांना जोर पडताच सुटणारा जोड असतो. तो सारखा निसटतो म्हणून गोंदाने चिकटवणं किंवा तारेने बांधणं ही फार गंभीर चूक आहे, कारण मुलाचं वजन पडल्यावर त्याने सुटावं म्हणूनच तो तिथे असतो.

आतल्या दोऱ्या विसरणं

आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये पट्ट्यांमधून जाणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि आतली दोरी हाताने ओढा. ती बाहेर येऊन मोठा वेढा होत असेल, तर ओढायच्या दोऱ्यांवरचे स्टॉपर (दोरी अडवणारे छोटे तुकडे) नाहीत किंवा चुकीच्या जागी आहेत. ब्लाइंड पूर्ण खाली असताना स्टॉपर, ब्लाइंड जिला टांगलेला असतो त्या वरच्या पट्टीच्या लगेच खाली, साधारण 2 ते 3 इंचांवर हवेत. रोमन ब्लाइंडची (घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी पडद्याची) मागची बाजूही उलटून बघा, तिथे कड्यांमधून उघड्या दोऱ्या जातात.

या सगळ्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे मुलाच्या वावरातल्या खोल्यांत दोरीच नसलेले ब्लाइंड लावणं. अमेरिकेच्या 2018 च्या मानकानुसार तयार मापाचे ब्लाइंड बिनदोरीचे, किंवा दोरी हाताला न लागणारी अथवा अगदी आखूड असलेले, असेच बनवावे लागतात. सगळे एकदम बदलणं परवडत नसेल तर मूल जिथे झोपतं ती खोली आधी घ्या. मोटरवाले घेतलेत तर रिमोट मुलापासून लांब ठेवा. त्यात बटण सेल (नाण्यासारखी छोटी चपटी बॅटरी) असेल आणि तो गिळला गेला तर अन्ननलिका जळते.

मूल अडकलेलं दिसलंच तर आधी त्याला उचलून धरा, म्हणजे मानेवरचा भार जाईल. मग फास सोडवा किंवा कापा. श्वास नसेल तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मूल शुद्धीवर येऊन खेळू लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण गळ्याची सूज नंतर वाढू शकते.

आजी-आजोबांचं घर, पाळणाघर, सुट्टीत घेतलेली खोली, इथेही पोहोचल्यावर आधी खिडक्या तपासा. जुने ब्लाइंड काढलेत तर दोऱ्या कापूनच टाका, दुसऱ्या कुणाला देऊ नका.