वणवा विझल्यानंतर पहिल्या पावसाळ्यापर्यंत जंगल कसे राखावे

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. विदर्भातील पानझडी जंगलात लागणारी आग बहुतेक वेळा जमिनीलगत धावते. पालापाचोळा, गवत आणि रोपटी जाळून ती पुढे सरकते आणि मोठ्या साग, ऐन, मोहाच्या बुंध्यावर काळा पट्टा मागे राहतो. जमिनीखालची मुळे पुष्कळदा शाबूत असतात. त्यामुळे आगीतून वाचलेले हे जंगल त्यानंतरच्या चार महिन्यांत कुऱ्हाड, गुरे, फासे आणि नांगर यांच्यापासून वाचवणे, हेच खरे काम आहे. ग्रामसभा, वन व्यवस्थापन समित्या, हंगामी अग्निरक्षक आणि जंगलालगतचे शेतकरी यांनी ते कसे करावे, याची माहिती पुढे दिली आहे.

ज्वाला दिसेनाशा झाल्या म्हणजे आग विझली असे समजू नये. पोकळ ओंडके, जुने बुंधे आणि वाळवीची लाकडे आतून दिवसेंदिवस धुमसत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर ठिणगी न जळालेल्या भागात जाते. जळीत क्षेत्राच्या कडेने फिरून धुमसणारे प्रत्येक लाकूड कडेपासून आत ओढावे, त्यावर माती टाकावी आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग उरली आहे का ते पाहावे. उभे झाड आतून जळत असेल तर त्याच्याखाली थांबू नये, कारण ते वारा नसतानाही पडू शकते.

पुढचे काम नोंदीचे. उपग्रहावरून मिळणारी आगीची सूचना उपयोगी असते, पण तिचा एक ठिपका जमिनीवरच्या साधारण 375 मीटर बाजूच्या चौकोनाएवढा असतो आणि हद्द त्यावरून ठरत नाही. मोबाइलमधील जीपीएस सुरू ठेवून कडेने चालावे, कक्ष क्रमांक (वन विभागाने जंगलाच्या त्या भागाला दिलेला क्रमांक) लिहावा आणि चार-पाच ठिकाणी ठरावीक झाडाजवळून ठरावीक दिशेने छायाचित्रे घ्यावीत. याच जागांवरून जुलैत आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा छायाचित्रे घेतली की जंगल सावरते आहे की नाही, यावर वाद उरत नाही.

वन्यप्राण्यांवर काय परिणाम होतो

सांबर, चितळ, गवा यांसारखे मोठे प्राणी बहुधा आगीपुढे निघून जातात. सर्वांत मोठी हानी जमिनीवर आणि जमिनीलगत राहणाऱ्यांची होते. टिटवी, तितर, रानकोंबडी यांची अंडी याच महिन्यांत जमिनीवर असतात, आणि रातवा तर घरटेही न करता पाचोळ्यातच अंडी घालतो. कासव, सरडे, घोरपडीची पिले आणि पाडसे यांना पळता येत नाही. झाडांच्या ढोल्या जळाल्या की घुबडे आणि पोपट यांची विणीची जागा जाते. शहाद्याजवळ 1997 साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा हा लहान घुबड अशाच ढोल्यांत वीण करतो, म्हणून सातपुडा आणि मेळघाटातील जुनी, पोकळ झाडे आगीनंतर ‘निकामी’ ठरवून तोडणे विशेष घातक आहे.

आग चालू असतानाच कोतवाल, वेडे राघू आणि नीळकंठ उडालेले किडे टिपायला येतात, त्यामुळे पक्ष्यांची वर्दळ पाहून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये.

जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. तोपर्यंत त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, भाजलेल्या जागी तेल किंवा हळद लावू नये आणि भोवती गर्दी करू नये. लहान प्राणी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावा. चितळाचे पाडस न जळालेल्या झुडपात एकटेच निपचित बसलेले दिसले तर त्याला उचलू नये. आई दूर चरत असते आणि परत येते, पण माणसाचा वावर राहिला तर ती जवळ येत नाही.

पाणवठ्यांकडे त्याच आठवड्यात जावे. राख आणि कोळसा काढून पाणी बदलावे, आणि काठ उभा असेल तर एक खडबडीत दगड किंवा तिरकी फांदी आत टाकावी, म्हणजे लहान जीव बुडत नाहीत.

शिकार : सर्वांत धोक्याचे दोन महिने

आगीनंतर आडोसा संपतो, प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर आणि न जळालेल्या पट्ट्यांत एकवटतात, आणि पंधरा-वीस दिवसांत गवताचे कोवळे कोंब आले की चितळ आणि ससे उघड्यावर चरू लागतात. शिकाऱ्याला नेमके हेच हवे असते, आणि काही वणवे याच हेतूने लावले जातात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार शिकारीत केवळ मारणे येत नाही. फासे लावणे, हाकारा करून प्राणी पळवणे, अंडी काढणे हेही त्यात येते. वनहक्क कायदा, 2006 ने ग्रामसभांना व्यापक अधिकार दिले असले तरी शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. आगीत मेलेल्या प्राण्याचे मांस, शिंगे किंवा कातडीही घेता येत नाही, कारण मृत वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. असे काही हाती आल्यास 48 तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

गस्त पहाटे घालावी. ताज्या राखेवर पाऊलखुणा विलक्षण स्पष्ट उमटतात. सांबराच्या खुराच्या दोन फाका, सायाळीची ओढत गेलेली काट्यांची रेघ आणि त्यांच्याच शेजारी चपलेचा ठसा, हे सारे पहिल्या वाऱ्यापर्यंत वाचता येते. जळीत आणि हिरव्या भागाच्या सीमेवरील पायवाटा, कुंपणातील फटी आणि पाण्याकडे जाणाऱ्या वाटा आधी तपासाव्यात. फासा दिसल्यास छायाचित्र आणि जागेची नोंद करून वनरक्षकाला बोलवावे, म्हणजे पंचनामा होऊ शकतो. तार विजेच्या खांबाकडून आलेली वाटली तर तिला काठीनेही स्पर्श करू नये. आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा. रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत.

जमिनीचा वापर

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन ठराव पहिल्याच ग्रामसभेत करावेत. काळे पडलेले झाड मेले आहे की नाही, हे पाहण्यासाठी कमरेच्या उंचीवर नखाएवढी साल खरवडावी. आत ओलसर हिरवट थर असेल तर झाड जिवंत आहे. वरून मेलेला साग किंवा बांबूही पावसानंतर बुडातून फुटतो, म्हणून निर्णय पावसाळ्यानंतर घ्यावा.

डोंगर जाळला की गवत चांगले येते, हा समज सह्याद्रीत खोलवर रुजलेला आहे, आणि त्यात अर्धे तथ्य आहे. कोंब लवकर येतात हे खरे. परंतु उघड्या उतारावरची माती पहिल्या वळवातच नाल्यात जाते, रोपटी मरतात, आणि घाणेरी व रानमोडी ही झुडपी तणे मुळांतून पुन्हा फुटून मोकळी जागा व्यापतात. त्यामुळे निदान एक पावसाळा गुरे आत सोडू नयेत. गवत वाढल्यावर कापून आणावे, आणि घाणेरी पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटावी. तीव्र उतारावर जळकी खोडे समतल रेषेत आडवी टाकली तरी माती बरीच अडते.

जळालेली वनजमीन कायद्याने वनजमीनच राहते. वनहक्क कायद्यातील शेतीचा दावा 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या ताब्यावर अवलंबून असल्याने आता आग लावून नांगरलेल्या जमिनीवर हक्क मिळत नाही. उलट भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली असेल, तर शासन तेथील चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या काडीने साऱ्या गावाचे कुरण बंद होऊ शकते, ही गोष्ट सभेत मोठ्याने वाचून दाखवावी असे मला वाटते.

माळरान जळाले असेल तर तेथे वृक्षारोपण करू नये. लांडगा, तसेच माळढोक आणि धाविक या पक्ष्यांना उघडे गवताळ रानच लागते, आणि तेथील बारमाही गवत मुळांतून स्वतःच येते.

पुढच्या वर्षीची आग बहुतेक ठिकाणी याच वर्षीच्या सवयींतून लागते. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी तो झाडून बाजूला करावा किंवा जुनी लुगडी व जाळी अंथरावी. पहाटे वाकून फुले वेचणाऱ्यांनी वाघाच्या भागात एकट्याने जाऊ नये. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आज अनेक गावांकडे असे क्षेत्र आहे. तेथे असे नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. ऑक्टोबरमध्ये 10 मीटर बाजूचे काही चौकोन आखून त्यांतील रोपटी मोजावीत, आणि चराई उघडायची की आणखी एक वर्ष बंद ठेवायची, हे त्या आकड्यांवरून ठरवावे.