जोडीदाराच्या करथकबाकीतून सुटका: अमेरिकेतील अर्ज आणि न्यायालय

अमेरिकेत पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्रावर सह्या केल्या की घटस्फोटानंतरही संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर राहते. सुटकेसाठी फॉर्म ८८५७ भरावा आणि सही करताना आपल्याला काय ठाऊक होते, पैशाचे व्यवहार कोणाच्या हाती होते, छळ होत होता का, हे तारखांसह लिहावे. न्याय्य सवलतीसाठी, म्हणजे परिस्थिती पाहता कर वसूल करणे अन्यायाचे ठरेल तेव्हाच्या सुटकेसाठी, आयआरएस (अमेरिकेचा करविभाग) २०१३ च्या कार्यपद्धतीतील असेच निकष लावते.

बँकेचे उतारे आणि घटस्फोटाचा हुकूमनामा अर्जासोबतच जोडावा. २०१९ च्या कायद्यानुसार टॅक्स कोर्ट (करविवादांचे न्यायालय) प्रकरण नव्याने तपासते खरे, पण आयआरएसकडील कागदपत्रांवरून. त्यापलीकडे केवळ नव्याने सापडलेला किंवा पूर्वी उपलब्ध नसलेला पुरावा घेते. आयआरएसचे निकष या न्यायालयावर बंधनकारक नाहीत, तरी ते विचारात घेतले जातात, म्हणून युक्तिवाद त्यांच्याच क्रमाने मांडणे शहाणपणाचे.

जुने निकाल जपून वापरावेत. न्याय्य सवलतीसाठी आयआरएसने घातलेली दोन वर्षांची मुदत एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये विभागाने कायद्याचा लावलेला अर्थ मान्य करून उचलून धरली. २०११ मध्ये विभागानेच ती सोडली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी विभागांनी लावलेल्या अर्थाला असे झुकते माप देण्याचा सिद्धान्तच मोडीत काढला. अंतिम नकार आल्यास ९० दिवसांत टॅक्स कोर्टात याचिका दाखल करावी.