जुन्या सर्व्हरला बदली टेप ड्राइव्ह जोडायचा आहे? आधी कपाटातल्या टेपा बाहेर काढा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात टेबलाखाली जुना टॉवर सर्व्हर आहे. खतावणी, पगारपत्रकं, निर्यातीची बिलं, सगळं त्यात, आणि रोज रात्री त्याची प्रत टेपवर. मागच्या उन्हाळ्यात टेप ड्राइव्हनं मान टाकली. झाकण उघडलं तर आत सुताचा एवढा कचरा की वाती वळता आल्या असत्या. मालक म्हणाले, "जुनाच दुसरा ड्राइव्ह बघा की ओ, स्वस्तात बसवून टाकू."

बसतो. फक्त क्रम चुकवू नका. बहुतेक जण आधी ड्राइव्ह विकत घेतात आणि मग टेपा घालून बघतात. मीही एकदा हेच केलं होतं. (एलटीओ ही टेपांची जात, पुढचा आकडा तिची पिढी.) एलटीओ-२ च्या टेपा असलेल्या माणसाला, जास्त नवा म्हणजे जास्त चांगला अशा समजुतीनं, पुण्याहून एलटीओ-५ ड्राइव्ह आणून दिला. त्यानं एकही टेप वाचली नाही.

टेपांवरून ड्राइव्ह ठरवा

एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह स्वतःच्या मागच्या दोन पिढ्या वाचतो, पण लिहितो फक्त मागच्या एका पिढीवर. एलटीओ-८ ला तर मागची एकच पिढी कळते. म्हणजे एलटीओ-२ च्या टेपा नुसत्या वाचायच्या असतील तर एलटीओ-४ चालेल. त्यांच्यावर लिहायचंही असेल तर एलटीओ-२ किंवा ३ च हवा. टेपेच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, तो डेटा दाबून निम्मा होईल असं धरून छापलेला असतो. एलटीओ-३ ची खरी क्षमता ४०० जीबी, एलटीओ-४ ची ८००. डिझाइनचे फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत.

टेप हातात आहेच तर दोन गोष्टी करा. लिहिणं बंद करणारी छोटी सरकपट्टी कुलपाच्या खुणेकडे सरकवा, म्हणजे नव्या ड्राइव्हवर चुकून जुना डेटा पुसला जाणार नाही. मग कोपऱ्यातलं दार हलकेच उघडून आतली धातूची पिन जागेवर आहे का ते पहा. ड्राइव्ह तीच पिन पकडून टेप ओढतो. ती निसटलेली किंवा वाकडी असेल तर ती टेप बाजूला ठेवा. जुना ड्राइव्ह तिनंच मारला असेल, तर नवाही मारेल.

आता सर्व्हरची पाठ बघा

जुन्या सर्व्हरवर सहसा दोनपैकी एक जोडणी सापडते. रुंद, दोन ओळींत ६८ पिना आणि दोन्ही टोकांना स्क्रू असलेली ती स्कझी. लहान, चौकोनी, धातूच्या कडांची ती सॅस. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. सॅस ड्राइव्ह मदरबोर्डवरच्या, साध्या डिस्कच्या साटा पोर्टलाही चालत नाही, तोंड सारखं दिसलं तरी.

हवी ती जोडणी सर्व्हरला नसेल आणि त्यासाठी कार्ड घ्यायचंच असेल तर साधं होस्ट अडॅप्टर घ्या, म्हणजे उपकरण सर्व्हरला नुसतं जोडून देणारं कार्ड. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डावर टेप ड्राइव्ह बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि माणूस दोन दिवस केबल बदलत बसतो. कार्ड बसवायची खाच, म्हणजे स्लॉटही बघून ठेवा: जुन्या सर्व्हरमध्ये लांब पीसीआय-एक्स स्लॉट असतात, त्यात पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसत नाही. नावं सारखी आहेत म्हणून दुकानदारही गोंधळतात.

स्कझी असेल तर

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. स्कझीच्या एका साखळीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो, ० ते १५. सात बहुधा कार्डाचा स्वतःचा असतो आणि शून्यावर अनेकदा डिस्क बसलेली असते, म्हणून टेपला ३ ते ६ मधला मोकळा क्रमांक द्या. बाहेरच्या ड्राइव्हला मागे बटण असतं, आतल्याला जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी.

दुसरी अट अशी की साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे तारेचं टोक बंद करणारा छोटा जोड हवा, मधे कुठेही नको. एका टोकाला बहुतेक वेळा कार्ड स्वतःच असतं. बाहेरच्या ड्राइव्हच्या पाठीवर दोन तोंडं असतात: एकात केबल, दुसऱ्यात टर्मिनेटर. आतल्या पट्टी केबलला टर्मिनेटर शेवटच्या टोकाला असतो, ड्राइव्ह त्याच्या अगदी आधीच्या तोंडाला लावा. टर्मिनेटर नसेल तर ड्राइव्ह कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि बॅकअप मध्यरात्री कोलमडतो.

उपकरणांवर छापलेल्या खुणेकडेही लक्ष द्या. ड्राइव्ह, कार्ड आणि टर्मिनेटर तिन्ही एलव्हीडी, म्हणजे स्कझीच्या नव्या, वेगवान पद्धतीचे हवेत. जुन्या एकेरी पद्धतीचं एक उपकरण साखळीत शिरलं, की सगळी साखळी त्याच्या वेगानं रांगते.

जोडणी

सर्व्हर नीट बंद करा आणि वीज काढा. बऱ्याच सर्व्हरना दोन वीजपुरवठे असतात. दोन्ही वायरी काढा. ही स्कझी चालू असताना लावायची वस्तू नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की लोकरी चादर झटकली तरी चटका बसतो, तेव्हा मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा किंवा निदान सर्व्हरच्या उघड्या धातूला आधी हात लावा. ड्राइव्ह प्रवासातून आला असेल तर काही तास खोलीच्या तापमानाला राहू द्या, आणि ब्लोअरनं सर्व्हर आधी साफ करा, ड्राइव्ह आत बसवण्याआधी.

सॅस असेल तर केबल लावा, खट् आवाज ऐका, झालं.

बाहेरचा ड्राइव्ह आधी चालू करा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, मगच सर्व्हर चालू करा. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर कार्ड जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतं; अडॅप्टेकच्या कार्डात कंट्रोल आणि ए, एलएसआयच्या कार्डात कंट्रोल आणि सी दाबून आत जाता येतं. इथं ड्राइव्ह दिसला नाही तर विंडोजमध्ये शोधत बसू नका, खोट तारेत, क्रमांकात किंवा टर्मिनेटरमध्ये आहे.

पुढचं काम

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह पिवळ्या खुणेसह आला तर ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर टाका. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये सोबतचा बॅकअप प्रोग्रॅम टेपवर लिहायचा. २००८ पासूनचा लिहीत नाही, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्समध्ये एकच ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो: एसटी-शून्य काम झाल्यावर टेप आपोआप मागे गुंडाळतो, एनएसटी-शून्य गुंडाळत नाही. पहिलं नाव वापरून लागोपाठ दोन बॅकअप घेतले तर दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो.

आता कोरी टेप घाला, दोन-चार फोल्डर लिहा आणि ते वेगळ्या जागी परत काढून फाइली उघडून बघा. मग कुलूप लावलेली जुनी टेप. साफसफाईची कॅसेट ड्राइव्हचा दिवा मागेल तेव्हाच घाला. रोज घातली तर टेप वाचणारं हेडच झिजतं. आणि जुन्या टेपा पुसायला चुंबक फिरवू नका, एलटीओ टेपेवर कारखान्यातच लिहिलेल्या मार्गदर्शक रेघाही पुसल्या जातात आणि टेप कायमची बाद होते.

कारखान्यात हे सगळं व्हायला दुपार गेली. मालकांनी सात-आठ वर्षांपूर्वीचं एक बिल उघडून बघितलं आणि विचारलं, "मग हा जुन्या ड्राइव्हचा डबा भंगारात देऊ का?" द्या म्हटलं. केबल आणि टर्मिनेटर तेवढे काढून घेतले, ते शोधायला आता हैदराबादपर्यंत फोन करावे लागतात.